फक्त या वेळेपुरती

खोक्यातून काढला तेव्हा त्याला नव्या चपलांसारखा वास होता.
वरच्या मजल्यावरचा रिहार्ड्स वायरी जोडून गेला,
त्याची बोट सुटायची वेळ झाली होती.
जाताना म्हणाला, आउस्माबाई, आता तो काहीबाही विचारेल,
हो म्हणत जा. खाणार नाही तो तुम्हाला.

विचारू लागला.
तुम्ही कुठे आहात हे मला कळू द्याल?
लिएपायात, मी मोठ्यानं म्हटलं. आणखी कुठे असणार?
चौऱ्याऐंशी वर्षांत तीनदा रीगा पाहिली,
त्यात एकदा डोळ्यांना पट्टी होती.
नाकारा.
तुमची पत्त्यांची वही वाचू?
तिच्यातले निम्मे लोक आता दफनभूमीत. नाकारा.
कॅमेरा वापरू?
थांब जरा. उठले, केस विंचरले, जाकिटाचं वरचं बटण लावलं.
द्या परवानगी.
या यंत्रात काय काय घडतं
ते अधूनमधून कंपनीला कळवू का?

कळवू.
या शब्दाशी माझी जुनी ओळख आहे.

आणि मग, अगदी अदबीनं:
मायक्रोफोन वापरू देता?

एकोणतीस वर्षं मी ट्रंक एक्सचेंजवर होते.
कानावर काळा हेडफोन, हिवाळ्यात बर्फासारखा,
समोर चाळीस दोऱ्या, चाळीस भोकं.
भिंतींना कान असतात म्हणतात.
आमच्या गावात भिंतींना पगार नव्हता,
मला होता.
एक चावी अर्धीच खाली ढकलायची
की दोन माणसांच्या मध्ये तिसरी मी,
श्वास आवरून, कारण श्वास ऐकू जातो.
कुणाला विचारायचं असतं
हे मला कुणी सांगितलंच नाही.
नाही, हेही खरं नाही.
आईनं सांगितलं होतं, दारावर टकटक करावी म्हणून.

हाराल्ड्स वीतोल्स, गोदीतला वेल्डर,
महिन्यातून एकदा स्टॉकहोमच्या बहिणीशी बोलायचा.
बोलणं तरी काय? सफरचंदं. आईचा गुडघा.
तिनं पाठवलेला कोट काखेत घट्ट होतो.
एकदा म्हणाला, यंदा येतोच तुझ्याकडे हेरिंग खायला,
समुद्र काही फार रुंद नाही.
मी वहीत लिहिलं. वार, वेळ, वाक्य.
'हसून म्हणाला' एवढं
लिहायचं राहिलं.

पुढच्या महिन्यात त्याचा कॉल आला नाही. त्याच्या पुढच्याही.
मग तिकडून बहिणीनं लावला.
नंबर उत्तर देत नाही, मी सांगितलं,
नियमात होतं तेवढंच.

नाकारा, मी दाबलं. बोट जरा जोरातच पडलं.

सात वाजता डब्लिनहून इल्झे आली,
पडद्यावर, ओल्या केसांनी, पाठीमागे तिचा फ्रीज.
आई, दिसतेस, पण ऐकू येत नाहीस!
मला तिचं सगळं येत होतं. नळ, पोराचं रडणं, चमच्याची खळखळ.
पुन्हा मी त्याच बाजूला.
आवाजाची परवानगी नाकारलीस का गं? शोध कुठेतरी.

शोधायचं सोडून मी बोलले.
सगळं. हाराल्ड्स, कोट, वही.
तो हसत होता इल्झे, मी लिहिलं नाही, तो हसत होता.
ती कपाळाला आठ्या घालून इतकी जवळ आली
की नुसतं नाक आणि एक डोळा.
काहीच कळलं नाही आई, पुन्हा सांग.

मग सापडला तो चौकोन.
नेहमीसाठी. फक्त या वेळेपुरती. कधीच नाही.
मधलं दाबलं.

आता येतंय?
येतंय, येतंय! काय सांगत होतीस एवढं?

वारा सुटलाय म्हटलं. खिडक्या वाजतायत.
आणि रिहार्ड्सला धुरावलेला मासा द्यायचा राहिला.